अक्काचा रुमाल

अक्काने कॉम्प्युटरच्या बटणाला बोट लावलेलं मी पाच वर्षांत एकदाही पाहिलं नाही, पण त्या खोलीत तिच्या परवानगीशिवाय माशीसुद्धा बसत नव्हती. नगरमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं केंद्र होतं. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असाच ओरडतो आणि मलाही तीच सवय आहे.) बाहेरच्या पाटीवर 'समाज मार्गदर्शन केंद्र' एवढंच लिहिलेलं. कोणत्या समाजाचं, ते पाटी सांगत नव्हती. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया, तृतीयपंथी, आणि आपण नक्की कोण हे अजून न उमगलेले, असे सगळे त्या अरुंद जिन्याने वर यायचे. केंद्राच्या अध्यक्ष मॅडम अहवालात 'एलजीबीटी समुदाय' असं लिहायच्या. अक्का म्हणायची, "आपली मानसं."

अक्का स्वतः तृतीयपंथी. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सुती साडी आणि खांद्यावर कायम एक चौकड्यांचा रुमाल. गिरणीतून वर उडणारं पीठ कॉम्प्युटरच्या पडद्यांवर बसायचं. रोज सकाळी ती त्याच रुमालाने तिन्ही पडदे पुसायची, जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. कॉम्प्युटर तिने असे मांडून घेतले होते की बसणाऱ्याची पाठ भिंतीला यावी आणि त्याचा पडदा दुसऱ्याला दिसू नये. स्वतःची खुर्ची दाराशी. तिथे ती भाजलेले हरभरे खात बसायची आणि येणाऱ्याला आधी मूठभर हरभरे द्यायची. "तोंड हालत ऱ्हायलं की भ्या कमी हुतं," असं तिचं शास्त्र होतं.

तरुणपणी अक्काने दुकानोदुकानी टाळी वाजवून मागितलेलं होतं. केंद्रात नोकरी लागली त्या दिवशी तिने देवीपुढे शपथ घेतली, आता टाळी वाजवायची नाही. ही शपथ ती इतकी कडक पाळायची की आम्हाला हसू यायचं. वार्षिक कार्यक्रमात पाहुण्याचं भाषण संपलं की सगळे टाळ्या वाजवत आणि अक्का हात जोडून उभी राही. डाससुद्धा ती दोन हातांनी मारत नसे, भिंतीला टेकेपर्यंत त्याच्या मागे फिरायची आणि मग एका हाताने चापट. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "अक्का, डासाला काय कळतंय तुझ्या शपथेचं?" ती म्हणाली, "डासाला न्हाई कळत. हाताला कळतं."

तिचे वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. घर तिला तेराव्या वर्षी सुटलं, पण बाजार काही सुटला नाही. केंद्रात येणाऱ्याने वहीत खरं नाव लिहायची सक्ती नव्हती. सुचेल ते लिहा, आणि नाहीच सुचलं तर अक्का बैलाचं नाव द्यायची. सर्जा, हिऱ्या, मोत्या, असे आमच्याकडे कितीतरी होते. मी पवळ्या. पहिल्यांदा आलो तेव्हा मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलोय असं सांगितलं होतं. साखर कारखान्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम बघतो, त्यामुळे थाप खपण्यासारखी होती. अक्काने मला नीट निरखलं, हरभरे दिले आणि म्हणाली, "हात आन हिकडं."

आणि तिने माझ्या हातावर तो रुमाल टाकला.

घोडेगावच्या बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. अक्काने ती रीत केंद्रात आणली होती. नव्या माणसाला ती तोंडाने काही विचारायची नाही. एक बोट दाबलं तर डॉक्टर पाहिजे. दोन बोटं म्हणजे पोलीस नाहीतर वकिलाचं काम. तीन म्हणजे काही नको, नुसतं बसायचंय. सबंध पंजा दिला तर 'माझं मलाच कळत नाही'. ती मला म्हणाली, "घाई न्हाई. फकस्त मधीच हात काढू नगं. बाजारात हात काढला म्हंजी सौदा मोडला, मग त्या बैलाकडं परत बघायचं न्हाई." मी तीन बोटं दाबली. "बस मग," असं म्हणून तिने खुर्ची सरकवली. पुढची पाच वर्षं मी दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, तिथे बसलो.

आता कोणी विचारेल की हातोहाती मोबाईल असताना केंद्रात येऊन कॉम्प्युटरवर कोण बसतं? पण घरातला मोबाईल एकट्याचा कुठे असतो? बायको बघते, पोरं खेळतात, भाऊ रिचार्ज मारतो आणि सहज चाळून ठेवतो. ज्याला काही शोधायचंय त्याला दार लावून बसायला जागा लागते. आमचे तीन जुने कॉम्प्युटर म्हणजे ती जागा होती. एवढ्यासाठी माणसं शेवगाव, राहुरी, कुठून कुठून यायची.

मग एक घोटाळा झाला. एका बहाद्दराने नको तो व्हिडिओ लावला आणि कानात घालायची वायर नीट न बसल्याने त्याचा आवाज थेट खाली गिरणीत गेला. दळणाच्या रांगेत बाया उभ्या होत्या. जागेचा मालक तरातरा वर आला. "जागा खाली करा," म्हणाला. मॅडमनी हातापाया पडून त्याला शांत केला आणि मला सांगितलं, "कॉम्प्युटरवर काहीतरी बंधन घाल बाबा. चाळणी बसव." मालकाचंही अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. आणि मला तर काम मिळाल्याचा आनंद झाला होता.

चाळणी म्हणजे साधा प्रकार असतो. शब्दांची यादी द्यायची. यादीतला शब्द कोणी टाईप केला, की पान उघडत नाही. इंग्रजी शब्दांची तयार यादी मिळाली, मराठीची कोण देणार? मी अक्कापुढे बसलो. "अक्का, घाण घाण शब्द सांग." ती आधी पोट धरून हसली. मग एकेक बोट मोडत सांगू लागली आणि मी टाईप करू लागलो. काही शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. माझे कान लाल झालेले बघून तिला आणखी चेव चढायचा. "पवळ्या, लिही रं, लाजतो काय? ही तर आमची बाराखडी हाय!" चहा दोनदा झाला. आणि मग ती एका शब्दाशी थांबली. तिचं हसू गेलं.

"ह्यो पन टाक," ती म्हणाली. "ह्या एका शब्दापायी लई मार खाल्लाय म्या."

बायकी पुरुषाला, पुरुषाकडे ओढल्या जाणाऱ्या पुरुषाला आमच्या खेड्यापाड्यांत जी शिवी देतात, तीच ही. मी इथे तो शब्द लिहीत नाही, एकदा लिहिला तेवढा पुरे. मी तो यादीत टाकला. दोघांनाही फार बरं वाटलं, खरंच सांगतो. आयुष्यभर जो अंगावर आला त्याला आपण दाराबाहेर काढलं असं वाटलं. वर ऑफिसच्या सवयीने मी आणखी एक शहाणपणा केला. पान अडलं की पडदा लाल व्हायचा आणि त्यावर वाक्य यायचं: 'हा शोध येथे चालणार नाही. आपल्या शोधाची नोंद घेण्यात आली आहे.' हे वाक्य माझं. मॅडमनी वाचून "छान, कडक आहे," असं म्हटल्यावर मी दोन दिवस हवेत होतो.

त्यानंतर महिन्याभराने तो माणूस आला. चाळिशीचा, पांढरा शर्ट, डोळ्यांना चष्मा, बोटात लग्नातली अंगठी, हातात दुधाच्या डेअरीची कापडी पिशवी. कुठून आलात, तर "राहाता". त्यापलीकडे एक शब्द नाही. अक्काने रुमाल टाकला, त्याने तीन बोटं दाबली. नाव सुचेना, तेव्हा शर्टाकडे बघून अक्का म्हणाली, "ढवळ्या." आणि माझ्याकडे वळून, "बग पवळ्या, आला तुझा जोडीदार. वान न्हाई पन गुन लागायचा, जपून ऱ्हा!" तो माणूस पहिल्यांदाच जरासा हसला. मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसला, एका बोटाने शोधत शोधत टाईप केलं, पाच मिनिटांत उठला आणि गेला. अडीच तास एसटीने येऊन पाच मिनिटं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तसंच. तो गेल्यावर अक्का माझ्याजवळ आली. "त्याच्या चष्म्यात लाल दिसलं मला," म्हणाली. "काय इचारतोय बग बरं त्यो."

मी नोंद उघडली. पहिल्या आठवड्यात त्याने तो शब्द टाकला होता आणि पुढे 'म्हणजे काय'. दुसऱ्या आठवड्यात तोच शब्द आणि पुढे 'लग्न झालेलं असेल तर'. मी वाचून दाखवलं. अक्का खुर्चीत बसली आणि रुमालाचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"आरं, आपुन काय येडेपना केला," ती म्हणाली. "त्याला दुसरा शब्द कुठं ठाव हाय? त्याला लोकांनी ह्योच दिला. दुसरं नाव त्याला कुनी सांगितलंच न्हाई. मला तरी कुठं ठाव हुतं? त्यो आपल्या दारात येऊन आपलं नाव सांगतोय, आन आपुन म्हनतोय, घान बोलू नगं."

मला ते लख्ख कळलं. कळायलाच हवं होतं. मी स्वतःबद्दल जे काही पहिल्यांदा ऐकलं, ते शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर ह्याच शब्दात ऐकलं होतं.

"काढ त्यो शब्द," अक्का म्हणाली. "आन ते नोंदीचं पन काढ."

दोन मिनिटांचं काम होतं. पासवर्ड माझ्याकडे होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अक्का, यादी मीटिंगमध्ये मंजूर झालीय. असं परस्पर नाही काढता येत. महिनाअखेरीला मीटिंग आहे, तेव्हा विषय मांडू." पंधरा वर्षं ऑफिसात काढली की माणूस असं बोलायला लागतो. आणि खरं सांगायचं तर मालकाचीही धास्ती होती. उद्या पुन्हा काही झालं तर 'यादीतला शब्द कोणी काढला' म्हणून माझं नाव पुढे येईल, मी केंद्रात येतो हे कारखान्यात पोचेल, असं कायकाय माझ्या डोक्यात फिरत होतं. ते मी अक्काला सांगितलं नाही. तिने ते ओळखलं असणार. ती नुसतं "बरं" म्हणाली.

तिसऱ्या गुरुवारी ढवळ्या आला, तेव्हा अक्काने त्याला बसायच्या आधीच सांगायचा प्रयत्न केला. "भाऊ, ते मशीन जरा खुळं हाय. काय पायजे ते मला बोल." तो म्हणाला, "काई न्हाई मावशी, सहज आलोय." ज्याला तोंडाने सांगता येत असतं तो कशाला मशीनपुढे बसेल? त्याने टाईप केलं आणि पडदा लाल झाला. या वेळी मात्र त्याने खालचं वाक्य पूर्ण वाचलं असावं. तो उठला. दाराशी येऊन त्याने अक्काला विचारलं, "मावशी, ही नोंद कुनाकडं जाती?"

अक्काला खोटं बोलता यायचं नाही असं नाही. बाजारात वाढलेली बाई ती. पण केंद्रात ती खोटं बोलत नसे.

"ह्याच्याकडं," तिने माझ्याकडे बोट केलं. "पन ह्यो आपलाच हाय..."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गिरणीच्या घरघरीत मिसळून गेला. मी नोंद उघडली. तोच शब्द, आणि पुढे लिहिलं होतं, 'आणखी कोणी असतं का'.

मी होतो की. चार हातांवर, खुर्चीत बसून, हरभरे खात.

त्यानंतरचे दोन गुरुवार अक्काने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कोणाला बसू दिलं नाही. एसटी यायच्या वेळेला ती खिडकीत जायची. दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी तिने मला पुन्हा सांगितलं, "आज काढ." मी म्हणालो, "चार दिवसांवर मीटिंग आली, अक्का. आता चार दिवसांनी काय फरक पडतो?" तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिने कमरेची किल्ली सोडली, केंद्राने दिलेला मोबाईल काढला आणि दोन्ही टेबलावर ठेवलं.

"मी राहात्याला जाते," ती म्हणाली.

"राहात्यात कुठे शोधणार त्याला? नाव माहीत नाही, गल्ली माहीत नाही."

"शोधायचा न्हाईच. माझ्यासारखीनं कुनाला इचारलं, की पांढऱ्या शर्टाचा डेअरीवाला भाऊ कुठं ऱ्हातो, तर त्याचं घर बसलंच म्हून समज." ती रुमाल खांद्यावर टाकत म्हणाली, "मी त्याला बघायची गरज न्हाई. त्यानं मला बघितलं पायजे. म्हंजी त्याला कळंल, कुनीतरी हाय."

मला ते तेव्हा नीट समजलं नाही. वाटलं, रुसलीय, दोन दिवसांत येईल.

मीटिंग झाली. मी टिपण वगैरे काढून विषय मांडला. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अरे, शब्द काढायचा तर काढायचा. त्यात विचारायचं काय होतं?" असं म्हणून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. मी त्याच दुपारी शब्द काढला. ते नोंदीचं वाक्य काढलं, त्या जागी 'काही अडलं तर दाराशी बसलेल्या अक्काला विचारा' असं लिहिलं. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दाराशी खुर्ची रिकामी होती. अक्का परत आली नाही आणि तिचा मोबाईल माझ्या खणात होता.

एवढ्यावर मला गप्प बसता आलं नसतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण राहाता काही लांब नाही, या गुरुवारी जाऊ, पुढच्या गुरुवारी जाऊ, असं करत मी तीन महिने काढले. शेवटी गेलो तोही तिच्यासाठी गेलो नाही. माझी थोरली बहीण राहात्याजवळ दिलेली आहे. तिच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, माझ्यासाठी एक स्थळ काढलं होतं. "आता चाळिशी आली, किती दिवस टाळणार?" म्हणून मला जवळजवळ धरूनच नेलं. बाजाराचा दिवस होता. पाहुण्यांकडे न्यायला फळं घ्यावीत म्हणून आम्ही एका गाड्यापाशी उभे होतो. भाऊजी पेरू निवडत होते.

आणि मला टाळी ऐकू आली.

तशी टाळी मी हजार वेळा ऐकली आहे, कोणीही ऐकली असेल. पण या वेळी मी वळून बघितलं. कापडाच्या दुकानापुढे अक्का उभी होती. भडक साडी, तोंडाला पावडर, केसात गजरा. तिने पुन्हा टाळी वाजवली. दुकानदार काहीतरी पुटपुटला, गल्ल्यावरची पोरं हसली. तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती रस्त्यावरच्या माणसांकडे बघत होती, एकेका पांढऱ्या शर्टाकडे. अकरा वर्षं पाळलेली शपथ तिने मोडली होती, ती भर बाजारात उभं राहायला काहीतरी कारण हवं म्हणून. मागणाऱ्या तृतीयपंथीला कोणी 'इथे का उभी' असं विचारत नाही.

ती दुकानं करत करत आमच्या गाड्यापाशी आली. मला तिने ओळखलं, तिच्या पापणीवरून ते मला कळलं. पण चेहऱ्यावर तिने काही येऊ दिलं नाही. माझ्या शेजारी भाऊजी उभे आहेत, अंगात इस्त्रीचे कपडे आहेत, हे तिने एका नजरेत टिपलं. एवढं तिला कळायचंच.

"राजा, बरकत ऱ्हाऊ दे," ती कोणालाही म्हणावं तसं म्हणाली, आणि माझा उजवा हात धरला. आशीर्वाद द्यायला धरतात तसा. मग खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल घसरला असं दाखवून तिने तो आमच्या हातांवर येऊ दिला.

रुमालाखाली तिची बोटं थांबली होती. ती वाट बघत होती. काय विचारत होती ते मला ठाऊक होतं. शब्द काढलास का? तो परत आला का? मी नुसतं एक बोट दाबून 'हो' म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं. तिच्या हाताला नेहमीसारखा हरभऱ्याच्या टरफलांचा खरखरीतपणा होता. मी बोट उचललंसुद्धा.

"अरे, काय हात धरून उभा राहिलास? चल, उशीर होतोय," भाऊजी म्हणाले, आणि गाडेवाला हसला.

मी हात काढून घेतला.

अक्काने रुमाल उचलून खांद्यावर टाकला. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या दुकानापुढे जाऊन तिने टाळी वाजवली, आणि भाऊजींनी पेरूंची पिशवी माझ्या हातात दिली.